वीट आणि मजुरी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. दोन्ही प्रसंगी माणसाचे किती पैसे जातात याची धास्ती तिच्यात आहे. पण ते पैसे कोठे जातात याची चौकशी मात्र तिच्यात नाही. लग्नाचे सोडून देऊ. इमारतीपुरते बोलायचे तर खर्ची पडलेल्या रुपयातला किती भाग गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या हातात पडला, किती सिमेंट-लोखंडाच्या कारखान्याकडे गेला आणि किती कंत्राटदाराच्या टक्केवारीत मुरला, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत शतके असतात, शैली असतात, राजे असतात; मजुरांचे हजेरीपत्रक तेवढे नसते.

माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. वास्तुकलेचे शिक्षण मला नाही. जे काही कळले ते बांधकामावर उभे राहून, माणसांना विचारून आणि रात्री पुस्तके चाळून. त्यामुळे कोणतीही इमारत पाहिली की शोभेच्या आधी हजेरीपत्रक आठवण्याची खोड मला लागली आहे. ही खोड घेऊनच मी केरळात तिरुवनंतपुरमला गेलो आणि तेथे एका माणसाचे काम पाहून आलो. लॉरी बेकर हे त्याचे नाव. आपल्या काळातील नवी वास्तुकला, निसर्गाला कमी ओरबाडणारी वास्तुकला, असे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. या शब्दांमागचा हिशेब बेकरांनी अर्धशतकापूर्वी विटांवर मांडून दाखवला होता.

तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून तंपानूरच्या एसटी स्थानकाकडे वळले, की लाल रंगाचा एक गोल बुरूज दिसतो. परक्या माणसाला तो एखाद्या किल्ल्याचा उरलेला भाग वाटावा. आत शिरल्यावर कॉफीचा वास येतो आणि पांढऱ्या गणवेशातले, डोक्यावर तुरेदार पगडी घातलेले वाढपी दिसतात. हे इंडियन कॉफी हाऊस. इमारत बेकरांची आणि धंदा कामगारांच्या सहकारी संस्थेचा. या दोन गोष्टी एका छपराखाली आल्या आहेत, म्हणून दोहोंचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे.

आधी कॉफीगृहाचा. त्याचा आरंभ आपल्या मुंबईतला आहे. देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून १९३६ साली चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडण्यात आले. पुढे कॉफी बोर्डाच्या छत्राखाली अशी गृहे शहरोशहरी निघाली आणि १९४० च्या दशकात त्यांची संख्या पन्नासाच्या घरात गेली. परंतु १९५० च्या दशकाच्या मध्यावर धोरण बदलले, बोर्डाने ही गृहे बंद करावयास घेतली आणि कामगारांच्या हाती नोकरी संपल्याचे कागद पडू लागले. अशा वेळी संघटना काय करते? निदर्शने करते, वाटाघाटी करते, नुकसानभरपाई मागते. तेही झालेच. पण ए. के. गोपालन यांनी कामगारांना आणखी एक वाट दाखवली. मालक जात असेल तर जाऊ द्या, धंदा तुम्ही चालवा, अशी ती वाट होती. १९५७ साली बंगलोरला कॉफी कामगारांची पहिली सहकारी संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी दिल्लीला कामगारांचे पहिले कॉफीगृह उघडले. केरळात ८ मार्च १९५८ रोजी त्रिचूरला पहिले गृह सुरू झाले. कालपर्यंत बशा उचलणारी माणसे संस्थेच्या सभासदपटावर मालक म्हणून आली. आमच्या चळवळीच्या इतिहासात संपांची नोंद ठळक अक्षरांत होते आणि अशा गोष्टी तळटीपेत जातात. हे योग्य नव्हे.

आता बेकर. १९१७ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरी त्यांचा जन्म झाला आणि तेथेच त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. ते क्वेकर पंथाचे होते. युद्धात शस्त्र धरायचे नाही, ही त्या पंथाची शिकवण. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ते रुग्णसेवा पथकातून चीनमध्ये गेले आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करू लागले. परतीच्या वाटेवर जहाजाची वाट पाहत त्यांना काही महिने मुंबईत थांबावे लागले, आणि तेथे त्यांची गांधीजींशी गाठ पडली. बेकरांच्या पायांत चिनी बनावटीचे, चिंध्या शिवून केलेले कापडी जोडे होते. गांधीजींची नजर त्या जोड्यांवर गेली आणि बोलणे सुरू झाले. आदर्श घर असे असावे की त्याला लागणारे सारे सामान पाच मैलांच्या परिसरात मिळावे, हा विचार आपण गांधीजींकडून घेतला, असे बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

१९४५ साली ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. १९४८ साली डॉक्टर एलिझाबेथ जेकब या मल्याळी बाईंशी त्यांचा विवाह झाला आणि हे जोडपे हिमालयात पिठोरागढला जाऊन राहिले. बाई दवाखाना चालवीत आणि बेकर लागेल ते बांधीत. बेकरांचे खरे शिक्षण येथे झाले. बर्मिंगहॅमच्या पुस्तकांत पोलाद आणि काँक्रीट होते. डोंगरात दगड, माती आणि लाकूड होते. तेथल्या निरक्षर गवंड्याला थंडी कशी अडवायची, पाऊस कसा वळवायचा आणि उतारावर भिंत कशी धरायची हे ठाऊक होते, पदवीधराला नव्हते. पदवीधराने गवंड्याचे शिष्यत्व पत्करले. सुमारे सोळा वर्षांनी, १९६३ साली, ते केरळात वागमणच्या डोंगरांत आले आणि त्या दशकाच्या अखेरीस तिरुवनंतपुरमला स्थिरावले. वयाची पन्नाशी उलटली होती; त्यांच्या हातून घडलेले बहुतेक गाजलेले काम त्यानंतरचे आहे.

काळही जुळून आला. केरळात त्या वेळी घरांचा प्रश्न ऐरणीवर होता. १९७२ साली सरकारने एक लाख घरांची योजना हाती घेतली होती. मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज या दोघांना बेकरांच्या पद्धतीत अर्थ दिसला. राज यांनी १९७१ साली सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संशोधनसंस्था काढली आणि उल्लूर येथील टेकडीवर तिच्या इमारती बांधण्याचे काम बेकरांना दिले. अर्थशास्त्राच्या संस्थेनेच आपल्या भिंतींचे अर्थशास्त्र तपासून घेतले, असे म्हणायला हरकत नाही. टेकडी सपाट केली नाही. इमारती उताराबरोबर चढत-उतरत गेल्या. झाड आले तेथे भिंतीने वळण घेतले.

ही पद्धत म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे; एरवी सगळे कौतुक हवेत राहते.

पहिली गोष्ट भिंतीची. आपण वीट आडवी, पसरट बाजूवर ठेवून नऊ इंची भिंत रचतो. बेकरांनी वीट कडेवर उभी ठेवली. दोन विटा समांतर उभ्या, त्यांच्यामध्ये पोकळी, आणि त्यांना बांधणारी तिसरी वीट आडवी. वरून पाहिले तर उंदराच्या सापळ्यासारखा आकार दिसतो, म्हणून या रचनेला रॅट-ट्रॅप असे नाव आहे. ही रचना इंग्लंडात जुनीच; बेकरांनी ती आपल्या उन्हात आणली. भिंतीची जाडी तीच राहते, पण विटा सुमारे एक-चतुर्थांश कमी लागतात आणि चुना-सिमेंटही वाचते. शिवाय मधल्या पोकळीतली हवा बाहेरची झळ आत येऊ देत नाही. हाच गुण मिळवण्यासाठी आज महागडे थर भिंतीला चिकटवले जातात.

दुसरी गोष्ट गिलाव्याची. बेकर बहुधा भिंतीला गिलावा करीतच नसत. वीट चांगली असेल आणि दरजा नीट भरल्या असतील तर गिलावा कशासाठी? तो गेला की रंग गेला, आणि दर काही वर्षांनी पुन्हा रंग देण्याचा खर्चही गेला. मात्र यात एक मेख आहे. गिलावा वाईट काम झाकतो. उघड्या भिंतीवर गवंड्याचा हात लपत नाही. ओळंबा चुकला की जन्मभर दिसतो.

तिसरी गोष्ट छपराची. स्लॅबवर भार आला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण सोसते ती सळई. मग सळयांच्या मधले खालचे काँक्रीट तेथे कशासाठी भरायचे? बेकरांनी त्या जागी जुनी मंगलोरी कौले बसवली. काँक्रीट वाचले, स्लॅब हलका झाला म्हणून लोखंडही कमी लागले, आणि कौलांतील हवेने छपराची धग कमी केली.

चौथी जाळी. खिडकी म्हणजे लाकूड, काच, गज, बिजागऱ्या आणि सुताराची मजुरी. बेकरांनी भिंतीतल्या काही विटा वगळून छिद्रे ठेवली. वारा येतो, कोवळा उजेड येतो, चोर येत नाही. आणि पाचवी गोष्ट गोल भिंतीची, जिला लोक लहर समजतात. शंभर चौरस फुटांची चौरस खोली घेतली तर भिंत चाळीस फूट लागते. तेवढ्याच क्षेत्रफळाची गोल खोली घेतली तर साधारण साडेपस्तीस फुटांत भागते. शिवाय वळणदार भिंत स्वतःच्या आकारामुळे उभी राहते, म्हणून ती पातळ ठेवता येते. ज्याला आपण नक्षी म्हणतो तो बरेचदा त्रैराशिकाचा हिशेब असतो.

आता पुन्हा तंपानूरच्या बुरुजात जाऊ. जागा अरुंद आणि रहदारीच्या तोंडावरची. बेकरांनी तेथे मजल्यावर मजला न चढवता एकच जमीन मधल्या गोल गाभ्याभोवती जिन्याविना वर वर फिरवत नेली. बाहेरच्या भिंतीला लागून बांधीव टेबले आणि बांधीव बैठका. जमीन उताराची, पण कप ठेवायची जागा सपाट. भिंतीत ओळीने ठेवलेल्या छिद्रांतून वारा येतो. बस चुकलेला शेतकरी, वकील, विद्यार्थी, सगळे एकाच वळणावर एकापाठोपाठ एक बसलेले असतात. वरचा वर्ग आणि खालचा वर्ग असे दोन मजले तेथे करताच येत नाहीत. वाढप्याला ट्रे घेऊन पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. मात्र दिवसभर उतारावर चालून त्याच्या पोटऱ्या भरून येत असतील, हेही मला तेथे बसल्या बसल्या जाणवले. वास्तुकलेच्या पुस्तकात त्या पोटऱ्यांचा उल्लेख मला आढळला नाही.

सांस्कृतिक कामाचेही एक उदाहरण देतो. अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या मित्रांनी तिरुवनंतपुरमला चित्रलेखा ही चित्रपट-संस्था १९६५ साली काढली आणि पुढे सहकारी तत्त्वावर चित्रपट काढले. १९७२ चा 'स्वयंवरम्' हा त्यांपैकीच. या संस्थेच्या आक्कुळम येथील चित्रपटगृहाची, म्हणजे स्टुडिओची, इमारतही बेकरांची. कॉफी विकणारे कामगार असोत की चित्रपट काढणारे कलावंत, हाती भांडवल थोडे असले आणि स्वतःचे काही उभे करण्याची ईर्ष्या असली, की त्यांना असाच वास्तुविशारद लागतो.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. सिमेंटचे पोते कमी झाले की काय होते? एक तर कारखान्याचा धूर कमी होतो. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे, असे आज जाणकार सांगतात. दुसरे असे, की वाचलेला रुपया गावात राहू शकतो. रॅट-ट्रॅपच्या भिंतीला वीट कमी लागते पण हात अधिक नेटका लागतो. जाळीला काच लागत नाही पण गवंड्याचा वेळ लागतो. पैसा सामानाकडून मजुरीकडे सरकतो. बेकरांना हे अभिप्रेत होते. निसर्ग राखणे आणि मजुराला काम देणे या दोन वेगळ्या चळवळी आहेत असे आपण मानतो. उल्लूरच्या टेकडीवर त्या एकाच भिंतीत बांधल्या गेल्या आहेत.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती दडवली तर ते व्याख्यान न होता जाहिरात होईल. वीट भाजायला सरपण लागते आणि तिची माती भातखाचरांतून येते. केरळात खाचरे खणली गेल्याने जमिनीची व पाण्याची जी हानी झाली ती सर्वांना ठाऊक आहे. याची जाणीव असल्यामुळेच बेकर कच्च्या मातीच्या भिंतींचा आग्रह धरीत आणि त्यावर त्यांनी साध्या भाषेत पुस्तिकाही लिहिल्या. म्हणजे लाल वीट हा मंत्र नव्हे. जवळचे सामान आणि कमीत कमी इंधन, हा नियम. वीट हे त्याचे एका ठिकाणचे उत्तर.

मग ही पद्धत देशभर का पसरली नाही? उत्तर पुन्हा हजेरीपत्रकाशेजारच्या खतावणीत आहे. वास्तुविशारदाचे शुल्क खर्चाच्या टक्क्यांवर, कंत्राटदाराचा नफा खर्चाच्या टक्क्यांवर. इमारत स्वस्त झाली की या सर्वांचा वाटा घटतो. बेकर स्वतः बांधकामावर उभे राहत, वापरलेल्या कागदाच्या पाठीवर नकाशे काढीत आणि गवंड्याशी बोलत बोलत ते बदलीत. मधल्या टक्केवारीला तेथे थाराच नव्हता. ज्या व्यवस्थेत उधळपट्टीवर अनेकांची पोटे भरतात, तेथे काटकसर एकाकी पडते. १९८५ साली अच्युत मेनन, राज, बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी कॉस्टफोर्ड ही संस्था काढली, तिने हे तंत्र गवंड्यांना शिकवले आणि केरळात हजारो घरे या पद्धतीने उभी राहिली. पण हा प्रवाह मोठ्या नदीच्या काठाकाठानेच वाहिला.

येथे मला स्वतःच्या चळवळीविषयी बोलले पाहिजे. 'स्वस्त घर' हा शब्द ऐकला की आम्हा संघटनेवाल्यांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. कारण स्वस्ताई बहुधा मजुराच्या ताटातून काढली जाते. ज्या बांधकामात सिमेंट वाचले पण गवंड्याचा रोजही वाचवला, त्याला मी पर्यावरणस्नेही म्हणणार नाही. हाताला मान दिला असे म्हणायचे तर तो मान पगाराच्या दिवशी दिसला पाहिजे. पण आमचीही एक चूक झाली. आम्ही रोजासाठी लढलो, तासांसाठी लढलो, अपघाताच्या भरपाईसाठी लढलो. कारागिरीसाठी लढलो नाही. सकाळी नाक्यावर काम मागत उभ्या असलेल्या माणसांत मी कित्येक वर्षे वावरलो आहे. एकदा मी एका तरुण गवंड्याला विचारले, "बाबा रे, कमान येते का तुला?" तो म्हणाला, "साहेब, मला फक्त गिलावा येतो. आजोबाला यायची कमान." मला त्याचे उत्तर बोचले. त्या घराण्यातली विद्या एका पिढीत गेली होती आणि आम्ही, त्याची वर्गणी घेणारे, तिच्याबद्दल कधी एक ठरावही केला नव्हता. ज्याला फक्त गिलावा येतो त्याच्या जागी उद्या यंत्र येते. ज्याला कमान, जाळी आणि उघड्या विटेचे काम येते त्याच्या जागी दुसरा माणूस शोधावा लागतो, आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्याच्या संघटनेचे बोलणे ऐकले जाते. कौशल्य ही कामगाराची ठेव आहे. आम्ही ती बुडू दिली.

लॉरी बेकर भारताचे नागरिक झाले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचे निधन झाले. नालांचिरा येथील खडकाळ टेकडीवर, इतरांनी टाकून दिलेले सामान वेचून वाढवत नेलेल्या स्वतःच्या घरात ते शेवटपर्यंत राहिले. त्यांचे स्मारक म्हणून मला तंपानूरचा बुरूज पुरेसा वाटतो. चर्चगेटला सुरू झालेला एक सरकारी धंदा कामगारांनी स्वतःच्या हाती घेतला, आणि मुंबईत बोटीची वाट पाहणाऱ्या एका परदेशी तरुणाला लाभलेला विचार केरळच्या विटांत उतरला. हे दोन धागे त्या बुरुजात एकत्र आले आहेत.

तेव्हा घर जरूर पाहावे बांधून. पण बांधून झाल्यावर खर्चाची वही मिटण्यापूर्वी एक बेरीज करून पाहावी. आपल्या रुपयातले किती आणे धुरात गेले, किती टक्केवारीत गेले, आणि ज्याच्या हाताने ती भिंत ओळंब्यात उभी राहिली त्याच्या घरी किती गेले? ही बेरीज ज्या इमारतीला लाज आणीत नाही, ती इमारत खरी नवी.